खणाची झालर: कात्री लावण्याआधी

ओट्यासमोरच्या खिडकीला झालर शिवायची म्हणजे दोन तासांचं काम. वेळ खातं ते त्याआधीचं. पहिल्यांदा खिडकी उघडून बघा. झडप आत येत असेल तर रॉड चौकटीच्या वर, भिंतीतच घ्यावा लागेल, नाहीतर झालर रोज झडपेत अडकणार. शेगडी थेट खिडकीखाली असेल तर हा बेतच सोडा.

रॉड आधी बसवून घ्या आणि माप त्याचंच घ्या, खिडकीचं नव्हे. शिवणाच्या डब्यातला जुना टेप ताणला गेलेला असतो, म्हणून सुताराचा लोखंडी टेप बरा.

कापड मी खणाचं घेते, आणि ते नुसतं दिसण्यासाठी नाही. खणाचा पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण 32 इंच असतो आणि दोन्ही कडांना काठ. मधोमध उभा कापला की 16-16 इंचांच्या दोन पट्ट्या मिळतात, दोन्हींना खाली तयार काठ, खालची दुमड वाचली! रॉड 48 इंच असेल तर चुण्यांसाठी दुप्पट, म्हणजे 96 इंच कापड हवं. दोन पट्ट्या 50-50 इंचांच्या कापून जोडल्या की शिवणीत जाऊनही तेवढं उरतं. दीड मीटर खण पुरतो. एक पट्टी उलटी फिरवावी लागते, तेव्हा बुट्टी दोन्हीकडून सारखी दिसणारी निवडा. पन्हा दुकानातच मोजा, हल्ली रुंद खणही मिळतो. मात्र सुतीच मागा. चमकणारा पॉलिस्टर खण गॅसजवळ नको, आणि फोडणीचा चिकटपणा काढायला कढत पाणी लागतं, तेही त्याला सोसत नाही.

आता भिजवणं. गेल्या खेपेला मी घाई केली, कोरं कापड तसंच शिवलं. पहिल्याच धुण्यात झालर आटून दीड इंच वर गेली आणि रंग उतरला तो वेगळाच. आता आधी ओला पांढरा रुमाल कापडावर घासून बघते, मग रात्रभर पाण्यात, सावलीत वाळवून दमट असतानाच इस्त्री.

मशीनला 14 नंबरची सुई, सुती दोरा, दोन बॉबिन आधीच भरून. अस्तर नको, धुतल्यावर वाळत नाही.

नेफ्याचा, म्हणजे रॉड ओवायच्या पोकळ पट्टीचा, हिशेब कागदावर मांडा. पाऊण इंच जाडीच्या रॉडला दीड इंच नेफा, रॉडच्या वर उभा राहणारा एक इंच चुणीदार फुगा, आत दुमडायला अर्धा. मागे 3 इंच गेले, फुग्याच्या टोकापासून काठापर्यंत झालर उरली 13. शिवण्याआधी नेफा नुसता टाचण्यांनी धरून रॉडवर चढवा आणि घरातल्या सगळ्यात उंच माणसाला ओट्यापाशी उभं करा. बाहेरचं दिसत नाही म्हणाला, तर टाचण्या काढून नेफा इंचभर खोल घ्या.