क्लास लावण्याआधी कच्चं लायसन्स

मी चाळिशी ओलांडल्यावर कार शिकले. बरेच जण आधी मैदानात हात बसवतात आणि लायसन्सचं नंतर बघतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की कच्चं लायसन्स हातात आल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावू नका.

कारला आणि गिअरच्या दुचाकीला वयाची १८ वर्षं पूर्ण हवीत. सोळाव्या वर्षी चालते ती फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी, तीही पालकांच्या संमतीने. घरोघरी दिसणाऱ्या ११०-१२५ सीसीच्या स्कूटर त्यात बसत नाहीत. तरीही अकरावीतल्या मुलांना ट्यूशनला जायला त्या सर्रास दिल्या जातात, हे पाहून जीव कळवळतो. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार यात पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, शिवाय त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही.

अर्ज 'सारथी' या लायसन्सच्या सरकारी पोर्टलवर करायचा. आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला आहे ना, ते आधी पाहा, नाहीतर ओटीपीपाशीच गाडी अडते. खासगी वाहनासाठी चाळिशीच्या आतल्यांना तब्येतीचं स्वयंघोषणापत्र पुरतं. माझ्यासारख्यांना डॉक्टरांचं प्रमाणपत्र, म्हणजे नमुना १-अ लागतो. त्या घोषणापत्रात २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, असं विचारलेलं असतं. तिथे सवयीने 'हो' लिहू नका. मी आधी डोळे तपासून घेतले. चष्म्याचा नंबर वाढलेला निघाला.

मग संगणकावरची परीक्षा. चिन्हं, अपघातानंतर चालकाची कर्तव्यं, फाटक नसलेलं रेल्वे क्रॉसिंग, गाडीत ठेवायची कागदपत्रं, असे प्रश्न येतात आणि किमान ६० टक्के उत्तरं बरोबर लागतात. 'परीक्षेचं आम्ही बघतो' म्हणणाऱ्या एजंटाला सरळ नाही म्हणा. हा अभ्यास रोज रस्त्यावर उपयोगी पडतो.

कच्चं लायसन्स ६ महिने चालतं आणि पक्क्याची परीक्षा ३० दिवसांनंतरच देता येते. तोवर गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' हवा आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेली, वेळ पडल्यास गाडी थांबवू शकेल अशी व्यक्ती हवी. दुचाकीवर शिकवणाऱ्याखेरीज मागे कुणालाही बसवायचं नाही, मैत्रिणीलाही नाही. त्यामुळे सरावाला खरोखर वेळ मिळेल तेव्हाच अर्ज करा. मी पावसाळा उलटल्यावर केला, म्हणजे सुरुवातीचे आठवडे कोरड्या रस्त्यावर मिळाले.