सिंगापुरात ‘बसायचं’ कसं, खिसा न फाडता

सिंगापूरला निघालेल्या प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण असतोच, जो एअरपोर्टवर पोचायच्या आधीपासून विचारत असतो, "तिकडे बसायची सोय काय रे?" सोय भरपूर आहे हो, भानगड पैशांची आहे. सिंगापूरचा एक डॉलर सत्तर रुपयांच्या आसपास धरा आणि बऱ्यापैकी बारमध्ये बियरचा पिंट १६-१८ डॉलर, आता करा गुणाकार आणि सांगा घोट घशाखाली उतरतो का ते.

एवढं महाग का, तर तिथे ड्युटी बाटलीवर नाही, आतल्या शुद्ध अल्कोहोलवर लागते. व्हिस्की, रम, वाईन या सगळ्याला लिटरमागे ८८ डॉलर आणि बियरला ६०. म्हणजे ४० टक्केवाली ७५० मिलीची बाटली घ्या, तिच्यात ३०० मिली अल्कोहोल, झाले २६ डॉलर ४० सेंट, आपले अठराशे रुपये नुसती ड्युटी, दारूचे पैसे अजून वेगळेच. अर्धा लिटर बियरवर तीच ड्युटी दीड डॉलरच्या आसपास बसते. म्हणून माझं सरळ गणित आहे, हार्ड ड्युटी फ्रीमधून आणायची आणि बाहेर बियर प्यायची.

चांगीला उतरल्यावर सामानाच्या पट्ट्यापाशीच ड्युटी फ्रीचं दुकान दिसेल, तिथेच घ्या. माणशी १ लिटर हार्ड आणि सोबत १ लिटर वाईन किंवा बियर. हार्ड नको असेल तर २ लिटर वाईन, २ लिटर बियर किंवा दोन्ही एकेक लिटर. वय १८ पूर्ण हवं (आपल्याकडे महाराष्ट्रात हार्डला २५ लागतं, त्यामुळे ग्रुपमधली पोरं इथे फार खूश असतात), त्याआधीचे ४८ तास सिंगापूरच्या बाहेर काढलेले हवेत आणि मलेशियातून येत असाल तर काहीच सूट नाही. हे शेवटचं लक्षात ठेवा, कारण आपल्या बऱ्याच टूर आधी क्वालालंपूर करून मग बसने सिंगापुरात शिरतात आणि पब्लिक तिकडून बाटल्या घेऊन येतं. सिगारेटला तर एकाही पाकिटाची सूट नाही, आणि व्हेप (ई-सिगारेट) असेल तर घरी ठेवूनच निघा, तिथे तो बेकायदा आहे.

आता बाहेरचं. सिंगापुरात बियरचा भाव घड्याळावर चालतो. संध्याकाळी चार-पाच ते आठ बहुतेक बारमध्ये हॅपी अवर असतो, तोच पिंट दहा-बारा डॉलरला मिळतो, नाहीतर एकावर एक फ्री. ‘बोट की’ नावाच्या भागात नदीकाठी टेबलं मांडलेली असतात, दारातली माणसं मेनू घेऊन मागेच लागतात, त्यांना बिनधास्त विचारा की हॅपी अवर किती वाजेपर्यंत आणि कुठल्या बियरवर, कारण बऱ्याचदा एक-दोनच ब्रँड त्यात असतात आणि तुम्ही हौसेने दुसराच मागवता. आपल्याला नऊ वाजल्याशिवाय बसायची सवय नाही हे खरंय, पण इथे सवय बदला, साडेपाचला बसा, पावणेआठला शेवटची ऑर्डर द्या.

मेनूवर आकड्यापुढे दोन अधिकची चिन्हं असतात तिकडे नीट बघा. १८++ म्हणजे १८ डॉलर नाही. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि मग त्या सगळ्यावर ९ टक्के जीएसटी, झाले २१ डॉलर ५८ सेंट, म्हणजे पंधराशे रुपये एका ग्लासाला. सर्व्हिस चार्ज घेतलाय त्यामुळे टिप ठेवायची गरज नाही, उगाच मोठेपणा करू नका.

आणि शेंगदाणे! पहिल्या ट्रिपला आम्ही चौघं एका ठिकाणी जेवायला कम प्यायला बसलो, बसल्या बसल्या पोरीने उकडलेल्या शेंगदाण्यांची बशी आणि चार ओले नॅपकिन आणून ठेवले. आम्हाला वाटलं वा, चखणा फुकट, आपल्यासारखंच. बशी दोनदा भरून घेतली. बिलात दोन्ही बशा आणि चारही नॅपकिन वेगळे लावलेले, वर तेच प्लस प्लस. भांडायची सोय नव्हती, तिथली पद्धतच आहे ती. नको असेल तर हात न लावता परत द्यायचं, पैसे लागत नाहीत. पाण्याचंही तेच, नळाचं पाणी चांगलं असतं पण काही ठिकाणी ग्लासाचे पैसे लावतात, विचारून घ्या.

शेंगदाणे फुकट पाहिजेत तर रॅफल्स हॉटेलच्या लाँग बारमध्ये जा, तिथे टेबलावर पोतंच असतं आणि टरफलं खाली जमिनीवर टाकायची, चकाचक सिंगापुरात कायदेशीर कचरा करायची एवढीच जागा. फक्त सोबतची सिंगापूर स्लिंग नावाची कॉकटेल चाळीस डॉलरच्या आसपास जाते. १९१५ साली इथल्याच न्गियाम टोंग बून नावाच्या बारटेंडरने ती बनवली असं हॉटेल सांगतं. मला विचाराल तर अननसाचं गोड सरबत आहे, एकात दोघांनी भागवा, फोटो काढा आणि निघा.

आठला आणि नऊला मरीना बे सँड्स हॉटेलपुढे पाण्यावर स्पेक्ट्राचा लाइट शो असतो, फुकट, तो काठावर उभं राहून बघा. वरच्या रूफटॉप बारचा मोह झालाच तर एकदा जा, पण हाफ पँट आणि चपला घालून नको, आणि एंट्रीचे पैसे ड्रिंकमध्ये वळते होतात का ते लिफ्टमध्ये शिरायच्या आधी विचारा.

खरी मजा मात्र हॉकर सेंटरला, म्हणजे एका छपराखाली खाण्याचे स्टॉल असतात तिथे. ‘लाउ पा सात’ नावाच्या हॉकर सेंटरला संध्याकाळी बाजूचा बून टॅट रस्ता गाड्यांना बंद करतात आणि तिथे कोळशावर साते (काडीला लावलेले मांसाचे तुकडे) भाजायला सुरुवात होते, धूर, शेंगदाण्याची चटणी, टेबलावर टायगर बियरची मोठी बाटली. ६३० मिलीच्या आसपासची ही बाटली साध्या हॉकर सेंटरला सात-नऊ डॉलरला पडते, लाउ पा सात टुरिस्टी आहे तिथे जास्त. बियर घेऊन फिरणाऱ्या बायका असतात, त्यांना आंटी म्हणायचं, त्या ग्लासात बर्फ टाकून देतात, नाक मुरडू नका, त्या दमट हवेत बरं लागतं. टेबलावर नुसतं टिश्यूचं पाकीट दिसलं तर ते टेबल अडवलेलं आहे, आपल्या एसटीच्या सीटवरचा रुमालच तो. आणि उठताना ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा, नाहीतर दंड होऊ शकतो.

सगळ्यात स्वस्त म्हणजे दुकानातून कॅन घ्यायचे. क्लार्क कीच्या रीड ब्रिजवर तिथली कॉलेजची पोरं अशीच कॅन घेऊन बसतात. पण साडेदहाच्या आत संपवा. रात्री साडेदहा ते सकाळी सात दुकानात दारू विकत नाहीत आणि उघड्यावर पिताही येत नाही, १००० डॉलरपर्यंत दंड. हा कायदा २०१५ चा, २०१३ च्या डिसेंबरमध्ये लिटल इंडियात दंगल झाली त्यानंतर आलेला, म्हणून लिटल इंडिया आणि गेलांग या दोन भागांत शनिवार सकाळपासून सोमवार सकाळपर्यंत उघड्यावर पिणं पूर्ण बंद. आपली बरीच मंडळी लिटल इंडियातल्या मुस्तफा या मोठ्या दुकानाजवळ स्वस्त हॉटेल बघून तिथेच उतरतात, त्यांनी हे पाठच करा. खोलीत काय करायचं ते करा, खाली फुटपाथवर ग्लास घेऊन उतरू नका.

क्लबात नाचायचं असेल तर बुधवार बघा, बऱ्याच ठिकाणी लेडीज नाइट असते, बरोबरच्या बायकांना एंट्री आणि काही ड्रिंक फुकट, आपण मात्र पूर्ण पैसे. आमची एक वहिनी त्या रात्री सगळ्यांत स्वस्तात प्यायली आणि आठवडाभर ऐकवत होती.

परतीचं आधी ठरवा. शेवटची मेट्रो बाराच्या आसपास सुटते आणि बारा वाजले की सकाळी सहापर्यंत टॅक्सीच्या मीटरवर ५० टक्के जादा लागतात, त्यामुळे ११:५० ला टॅक्सीत बसलेला माणूस शहाणा. भूक लागली तर हॉटेलजवळ रात्रभर चालू असलेलं पराठ्याचं दुकान शोधा, तिथे त्याला प्राटा म्हणतात, दीड-दोन डॉलरला एक, सोबत आमटीसारखी डाळ आणि वरून ओतून फेस आणलेला तारिक चहा.