ऑफिसमधलं राजकारण टीमप्रमुखानं कसं मोडायचं

मेलमधल्या सीसीत नावं वाढायला लागली की मी सावध होते. दोघांत मिटण्यासारखी गोष्ट पाच जणांना कळवली जाते, ती काम पुढे जावं म्हणून नव्हे. उद्या काही बिनसलं तर पुरावा हाताशी असावा, एवढाच त्यामागचा हेतू असतो. पाठोपाठ दुसरं लक्षण दिसतं: मिटिंगमध्ये सगळे गप्प आणि मिटिंग संपली की दारापाशी घोळके. टीम सांभाळताना ही दोन लक्षणं मी कधीच किरकोळ मानत नाही.

राजकारणाची खरी किंमत भांडणांत दिसत नाही. निमूटपणे चोख काम करणारी माणसं हळूहळू सुचवणं सोडतात, ती किंमत मोठी. कोणाचं श्रेय कोण लाटतं हे त्यांनी पाहिलेलं असतं. मग चूक दिसली तरी ती बोलत नाहीत आणि अडलं तरी विचारत नाहीत. टीम कशा शिकतात यावर काम करणाऱ्या संशोधक एमी एडमंडसन यांनी एका उत्पादन कंपनीतल्या 51 टीम्सचा अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध केला. चूक कबूल करायला, प्रश्न विचारायला जिथे भीती वाटत नाही, त्या टीम जास्त शिकतात आणि त्यांचं कामही सुधारतं, असं त्यात दिसलं. ही भीती कुरघोड्यांच्या वातावरणात रोज वाढते.

सुरुवात निर्णयांपासून करा. कारण न सांगता निर्णय झाला की कारण लोक स्वतःच तयार करतात, आणि ते बहुतेक वेळा "तो साहेबांच्या मर्जीतला" असंच असतं. मिटिंग झाली त्याच दिवशी चार ओळी लिहून सगळ्यांना पाठवा: काय ठरलं, कोणी ठरवलं, का ठरवलं, कोणता पर्याय सोडला. हरकत असेल तर तिथेच, त्याच मेलखाली लिहायची. नंतर केबिनमध्ये येऊन कोणी निर्णय फिरवू पाहिला, तर ऐकून घ्या. पण बदल करायचाच असेल तर तो पुन्हा सगळ्यांसमोर करा. हा नियम एकदा जरी तुम्ही मोडलात तरी केबिनबाहेर रांग लागते.

कारण सांगण्याला किती वजन असतं, हे व्यवस्थापनाचे अभ्यासक जेराल्ड ग्रीनबर्ग यांच्या 1990 च्या अभ्यासात दिसतं. दोन कारखान्यांत 10 आठवड्यांसाठी पगार 15 टक्के कापला गेला. एका ठिकाणी कारण नीट समजावलं, खेदही व्यक्त केला. दुसऱ्या ठिकाणी त्रोटक सांगून सोडून दिलं. कपात तेवढीच, पण दुसऱ्या कारखान्यात कामगारांकडून चोऱ्या कितीतरी जास्त झाल्या.

श्रेयाचं म्हणाल तर उपाय सोपा आहे. ज्यानं काम केलं, त्यालाच ते वरिष्ठांसमोर मांडू द्या. कोणी "आम्ही केलं" म्हणालं की "यातलं कोणी काय केलं?" एवढं शांतपणे विचारा.

कान भरायला कोणी आलं, तर माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हे त्यांच्याशी बोललात का?" नसेल तर दोघांना एकत्र बसवते. मात्र छळ, धमकी किंवा पैशाचा गैरव्यवहार अशी तक्रार असेल तर हे अजिबात करू नका. तक्रार करणाऱ्याला समोरासमोर उभं करणं म्हणजे त्याला आणखी संकटात टाकणं. तिथे गुप्तता पाळून रीतसर तक्रारीचाच मार्ग धरा.

मूल्यमापनाचे निकष वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी द्या. सहकाऱ्यांची एकमेकांशी क्रमवारी लावली की शेजाऱ्याला मदत करणं तोट्याचं ठरतं. मायक्रोसॉफ्टनं अशी सक्तीची क्रमवारी 2013 मध्ये बंद केली.

सगळ्यात अवघड प्रसंग म्हणजे राजकारण करणारा माणूसच कामात सर्वांत हुशार असणं. प्रमुख त्याला सांभाळून घेतात आणि बाकीची टीम गमावतात. त्याच्याशी एकट्यात बोला, पण विशेषणं वापरू नका. "तुम्ही राजकारण करता" म्हटलं की तो फक्त नाकारेल. त्याऐवजी घडलेली गोष्ट सांगा: "सोमवारी त्यांनी आकडे मागितले, तुमच्याकडे ते तयार होते, गुरुवारी दिलेत, त्यामुळे ग्राहकाला उत्तर उशिरा गेलं." मग त्याचं म्हणणं ऐका, कधीकधी खरंच कामाचा भार असतो. वागणं तसंच राहिलं, तर माहितीवरची त्याची एकहाती पकड काढा. फाइल्स सर्वांना दिसतील अशा जागी हलवा, त्याचं काम दुसऱ्या एकाला शिकवायला लावा. आणि पुढच्या मूल्यमापनात सहकाऱ्यांना वेळेवर माहिती देणं हा त्याच्यासाठी लेखी निकष ठेवा, बढतीही त्यावर अवलंबून ठेवा.