जुना कॉम्प्युटर अडखळतोय? आधी विंडोजचे इफेक्ट्स बंद करा

विंडो मिनिमाइझ केली की ती आक्रसत टास्कबारमध्ये जाते, मेनू हळूच उमटतो, स्टार्ट मेनूच्या मागचं चित्र धूसर दिसतं. नव्या मशीनला याचं काहीच वाटत नाही. पण ज्या कॉम्प्युटरमध्ये दोन-चार जीबी रॅम आहे आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, तिथे ग्राफिक्सलाही त्याच रॅममधून वाटा द्यावा लागतो. त्यात ब्राउझर उघडा असेल तर हा सगळा देखावा जड होतो. तो बंद करायला पैसा लागत नाही, पाच मिनिटं पुरतात.

विंडोज १० आणि ११ मध्ये स्टार्ट दाबून इंग्रजीत ‘परफॉर्मन्स’ टाइप करा. ‘अ‍ॅडजस्ट द अपिअरन्स अँड परफॉर्मन्स ऑफ विंडोज’ हा पर्याय दिसेल, तो उघडा. विंडोज ७ असेल तर ‘कॉम्प्युटर’वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज आणि तिथे परफॉर्मन्सखालचं सेटिंग्ज बटण. पोचाल त्याच चौकटीत.

इथे ‘अ‍ॅडजस्ट फॉर बेस्ट परफॉर्मन्स’ निवडा. खालच्या यादीतल्या सगळ्या टिक एकदम निघतील. पण लगेच ‘ओके’ दाबू नका. बरेच जण इथेच थांबतात आणि मग अक्षरं विचित्र दिसायला लागली म्हणून सगळं पूर्ववत करून टाकतात.

यादीत ‘स्मूद एजेस ऑफ स्क्रीन फॉन्ट्स’ असं एक वाक्य आहे. त्यावर टिक परत लावा. ही टिक नसली की अक्षरांच्या कडा दातेरी होतात. इंग्रजी मजकूर तरी वाचता येतो, देवनागरीचे मात्र हाल होतात. १३६६ × ७६८ च्या पडद्यावर ‘उद्ध्वस्त’ किंवा ‘वैशिष्ट्य’ असे शब्द छोट्या आकारात बघा: जोडाक्षरांची गिचमिड होते, रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात, पहिला उकार की दुसरा हे कळायला डोळे ताणावे लागतात. मराठीत वाचणाऱ्या-लिहिणाऱ्याने ही टिक कधीही काढू नये, मशीन कितीही जुनं असो.

फोटोंची कामं करत असाल तर ‘शो थंबनेल्स इन्स्टेड ऑफ आयकॉन्स’ही ठेवा, नाहीतर फोल्डरमध्ये फोटोंऐवजी नुसते एकसारखे आयकॉन दिसतील. बाकी सावल्या, सरकणारे मेनू, टास्कबारची हालचाल, काहीही नसलं तरी अडत नाही. आता अप्लाय, मग ओके.

विंडोज १० आणि ११ मध्ये पारदर्शकतेचं बटण वेगळ्या जागी आहे: सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, कलर्स. तिथलं ‘ट्रान्सपरन्सी इफेक्ट्स’ बंद करा.

घरात एकाच कॉम्प्युटरवर प्रत्येकाचं वेगळं अकाउंट असेल तर हे सगळं प्रत्येक अकाउंटमध्ये करावं लागेल, कारण ही सेटिंग्ज ज्याची त्याची असतात. पुन्हा पहिल्यासारखं हवं असेल तर त्याच चौकटीत ‘लेट विंडोज चूज’ने सुरू होणारा पहिला पर्याय निवडा. बिघडण्यासारखं यात काही नाही, तेव्हा बिनधास्त करून बघा.

एवढं करूनही विंडो ओढताना ती झटके देत सरकत असेल, तर विंडोज १० किंवा ११ मध्ये स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’खाली काय लिहिलंय ते पाहा. विंडोज नव्याने टाकलेल्या जुन्या मशीनवर तिथे कधीकधी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असतं. म्हणजे खरा ग्राफिक्स ड्रायव्हर (ग्राफिक्सची चिप नीट चालवणारा प्रोग्रॅम) बसलेलाच नाही आणि पडदा रंगवण्याचं काम प्रोसेसरवर पडलंय. आपल्या मॉडेलचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरूनच घ्या; ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’ म्हणणाऱ्या प्रोग्रॅमच्या नादी लागू नका.

आणि फाइल उघडायलाच वेळ लागत असेल तर दोष इफेक्ट्सचा नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. डिस्कचा आकडा बराच वेळ शंभर टक्क्यांना चिकटून राहत असेल तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, जास्त वेगवान डिस्क) बसवण्याचा खर्च करा. मेमरी, म्हणजे रॅम, भरलेली दिसत असेल तर ब्राउझरचे टॅब कमी करा आणि ‘स्टार्टअप’मध्ये जाऊन कॉम्प्युटरबरोबर आपोआप सुरू होणारे, पण रोज न लागणारे प्रोग्रॅम डिसेबल करा.