'टेक फाइव्ह' समोर बसून ऐकायचं तर

आर्वी तालुक्यातल्या आमच्या भजनी मंडळात तबला माझ्याकडं असतो, म्हणून जाझकडंही मी मात्रा मोजतच गेलो. तुम्हीही तसंच जा. नागपुरात-पुण्यात जाझचा कार्यक्रम लागला अन् त्यात 'टेक फाइव्ह' ही पाच मात्रांची रचना वाजणार असली, तर आधी मूळ ध्वनिमुद्रण पाठ करा. ते डेव्ह ब्रुबेकच्या चौकडीचं, 1959 चं. रचना मात्र त्यांच्या सॅक्सोफोनवाल्याची, पॉल डेस्मंडची. (आदल्याच वर्षी ही मंडळी भारतात वाजवून गेली होती. आपल्याला कोण सांगणार होतं बाप्पा!)

कापूस वेचता वेचता मोजा: एक-दोन-तीन, चार-पाच. आपला हात केरव्याच्या चार-चार मात्रांना सोकावलेला, तो पाचावर थांबायलाच तयार नसतो. झपताल (दोन-तीन, दोन-तीन अशा दहा मात्रांचा) येणाऱ्याची पंचाईत वेगळी. तिथं दुसरी टाळी तिसऱ्या मात्रेवर, इथं जोर चौथ्या मात्रेवर. मांडीवरची थाप आपोआप एक अन् चारवर पडू लागली की तिकीट काढा.

चाल सोपी आहे. आठ आवर्तनं मुखडा, आठ अंतऱ्यासारखी, मग परत मुखडा. तिथून पुढं सॅक्सोफोनवाला मोकळा.

जागा मात्र पियानोवाल्याचे हात दिसतील अशी धरा. तबल्याच्या सोलोत पेटीवाला लहरा, म्हणजे एकच सुरावट पुन्हा पुन्हा, धरून बसतो ना, तेच काम इथं पियानो करतो. मूळ मुद्रणात पियानोवर बसलेला ब्रुबेक स्वतः सोलो घेतच नाही, तोच तुकडा फिरवत राहतो. त्यावर चौकडीतल्या ड्रमवाल्याचा, म्हणजे जो मोरेलोचा, ड्रम ऐका. भराभर वाजवत सुटत नाही. एक ठोका देतो, जागा रिकामी सोडतो, अन् त्या रिकाम्या जागेत पियानो तेवढा ऐकू येतो. तुमच्या समोरचा ड्रमवाला ती जागा ठेवतो की घाईनं भरून टाकतो? माझ्या मते खरी पारख तिथंच. तो भलत्याच मात्रेवर जोर देऊन चकवेल. तुम्ही बोटावरचे पाच सोडू नका.

सॅक्सोफोनऐवजी गिटार निघाली, लय चढी निघाली, तरी हिरमुसू नका. रेकॉर्ड घरी आहेच.

गाण्यासोबत टाळी धरू नका, चाराची सवय असलेलं सभागृह पाचात हमखास घसरतं. एकेकाचा सोलो संपला की मात्र खुशाल टाळ्या द्या, चाल मधेच चालू असली तरी कोणी डोळे वटारत नाही. समेवर 'वा' म्हणायची तिथं रीत नाही. मी मात्र म्हणतो.