लॅटिन झाडताना या चुका टाळा

आमच्या सोसायटीच्या दुरुस्तीचं कंत्राट इंग्रजीत होतं. 'दुरुस्तीची कामं' या शब्दांपुढे कंस, कंसात आय.ई. आणि पुढे प्लास्टर, रंग, प्लंबिंग. गच्चीचं वॉटरप्रूफिंग त्यात आलंच, असं सगळेच धरून चालले होते. मी कमिटीवर होतो. असे मसुदे तपासण्यावरच माझं पोट आहे, तरी त्या दिवशी चहा पिता पिता सही ठोकली. जुलैत वरच्या मजल्यावर छत गळायला लागलं तेव्हा कंत्राटदाराने शांतपणे त्या दोन अक्षरांवर बोट ठेवलं. "साहेब, तुम्हीच लिहिलंय ना, कामं म्हणजे ही तीन."

माणूस बरोबर होता. आय.ई. म्हणजे लॅटिनमधलं 'इद एस्त', 'म्हणजेच'. ई.जी. म्हणजे 'एक्झेम्प्ली ग्राटिया', 'उदाहरणादाखल'. पहिल्याने यादी बंद होते, दुसऱ्याने उघडी राहते. आमची बंद झाली आणि गच्चीसाठी वेगळी वर्गणी काढावी लागली. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मला लिफ्टमध्ये ऐकवलं ते वेगळंच.

तेव्हापासूनची माझी सवय: अशी अक्षरं दिसली की तिथे तोंडाने मराठी शब्द बसवून बघायचा. 'म्हणजेच' बसला तर आय.ई., 'जसं की' बसला तर ई.जी. नुसतं 'म्हणजे' म्हणून बघू नका, ते आपण कुठेही खपवतो. त्यातला 'च' महत्त्वाचा. आणि पैशांचा मामला असेल तर मी दोन्ही खोडून पूर्ण शब्द लिहायला लावतो. दोन अक्षरं वाचवून कोणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

'एक्सेट्रा' असा शब्द नाही. 'एट' म्हणजे आणि, 'सेटेरा' म्हणजे बाकीचं. त्याच्या आधी 'अँड' लावलंत तर 'आणि आणि' होतं.

"मी त्या कॉलेजचा अलुम्नी आहे." एकटेच आहात ना? मग अलुम्नस. मुलगी असेल तर अलुम्ना. अलुम्नी म्हणजे सगळा गोतावळा.

कोर्ट 'सुओ मोटो' दखल घेत नाही, 'सुओ मोटू' घेतं. बातम्यांत रोज चुकतं. खरं तर आपल्याकडे 'स्वतःहून' हा सरळ शब्द आहे, पण त्याने रुबाब येत नसावा.

'हेबियस कॉर्पस'मधला कॉर्पस म्हणजे प्रेत नव्हे. ताब्यात ठेवलेल्या माणसाला सदेह कोर्टापुढे आणा, असा तो आदेश. संविधानाची कलमं 32 आणि 226 बघा. मराठी संविधानात त्याला 'देहोपस्थिती' म्हटलंय, इतकं चपखल भाषांतर क्वचित सापडतं.

शाळेतून 'बोनाफाईड' काढतो ते 'बोना फिदे', म्हणजे सद्भावनेने. 'बोना फिदेस' म्हणजे सद्भावना; त्यातला शेवटचा स अनेकवचनाचा नाही, मूळ लॅटिनमध्ये तो शब्द एकवचनीच आहे.

आता माझ्या खास रागाची चूक. शब्दकोशातून शब्द उचलायचे, ओळीने मांडायचे आणि झालं लॅटिन! भाचीच्या क्लासला बक्षिसाच्या कपांवर 'ज्ञानातून प्रकाश' हवं होतं. कोणीतरी मोबाईलवर पाच मिनिटांत शोधलं: 'लुक्स पेर स्किएन्तिया'. लुक्स प्रकाश, पेर मधून, स्किएन्तिया ज्ञान. दिसायला भारदस्त. समारंभाला वसईचे एक म्हातारे फादर पाहुणे म्हणून आले होते, सेमिनरीत लॅटिन शिकलेले. त्यांनी कप हातात घेतला, चष्मा वर केला आणि हसून म्हणाले, "एक एम खाल्लात."

'पेर'नंतर नाम बदलतं: 'स्किएन्तियाम'. मराठी माणसाला हे कळायला जड जाऊ नये. आपणही 'घोडा वर' म्हणत नाही, 'घोड्यावर' म्हणतो. लॅटिनलाही असं सामान्यरूपासारखं काहीतरी असतं, आणि ते शब्दकोशाच्या पहिल्या रकान्यात मिळत नाही. 'कानिस विरुम मोर्देत' म्हणा की 'विरुम कानिस मोर्देत', माणसाला चावतो कुत्राच ('कानिस'), कारण 'विरुम'च्या, म्हणजे 'माणसाला'च्या, शेपटीत आपला 'ला' आहे. मुंबईचं जुनं ब्रीद 'उर्ब्स प्रिमा इन इंडिस', म्हणजे भारतातलं पहिलं शहर, त्यातला 'इंडिस'ही असाच बदललेला. त्याचं 'इंडिया' करून लिहिणारे मला भेटलेत.

ब्रीद हवंच असेल तर आयतं घ्या, शतकानुशतकं घासून गुळगुळीत झालेलं. मुंबईच्या झेवियर्स कॉलेजने तेच केलंय. 'प्रोव्होकान्स अ‍ॅड व्होलांडुम' हे लॅटिन बायबलमधून उचललेलं, पिलांना उडायला चिथावणाऱ्या गरुडाच्या ओळीतलं. पण नवशिक्यांना स्वतःचंच वाक्य हवं असतं आणि तेही संध्याकाळपर्यंत.

भाचीचा कप मी नंतर खोदकामवाल्याकडे नेला. त्याने एम बसवून दिला, पण जागा उरली नव्हती. त्यामुळे तो बाकीच्या अक्षरांपेक्षा बारीक आहे आणि जरा तिरका.