मानसशास्त्रातील प्रयोगांचे प्रकार : ओळखताना आणि आखताना या चुका टाळा

प्रयोग कुठे झाला यावरून प्रकार ठरवणे

सगळा घोळ इथून सुरू होतो. प्रयोगशाळेत झाला म्हणजे प्रयोगशालेय आणि बाहेर झाला म्हणजे क्षेत्रीय, असं पाठ केलेलं असतं. जागा बघाच, पण दुसऱ्या क्रमांकावर. पहिला प्रश्न असा विचारा: स्वतंत्र चल (ज्या गोष्टीचा परिणाम बघायचा ती) कोणी बदलला, आणि कोण कोणत्या गटात जाणार हे कोणी ठरवलं?

लंडनच्या टॅक्सीचालकांवरचा 2000 सालचा अभ्यास घ्या. 16 चालक आणि टॅक्सी न चालवणारे पुरुष यांच्या मेंदूचे एमआरआय तुलनेसाठी तपासले. मोजमाप अगदी काटेकोर, पण कोणी टॅक्सी चालवायची हे संशोधकांनी ठरवलेलं नव्हतं. म्हणून हा अर्धप्रायोगिक (संशोधकाने गट न पाडता आधीचेच गट तुलनेला घेतलेला) अभ्यास. चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा (मेंदूतल्या स्मृती आणि जागांशी संबंधित भागाचा) मागचा भाग मोठा आढळला, तरी रस्ते पाठ करून तो वाढला की मुळात तसा मेंदू असलेलेच या व्यवसायात टिकले, हे त्यावरून सांगता येईना. ते सुटायला 2011 चा पाठपुरावा लागला. त्यात शिकाऊ उमेदवारांचे मेंदू प्रशिक्षणाआधी आणि नंतर तपासले. सुरुवातीला गटांत फरक नव्हता. वाढ दिसली ती टॅक्सी परवान्याची रस्त्यांची परीक्षा पास झालेल्यांमध्येच.

एकाच अभ्यासात संशोधकांनी ठरवलेला आणि आधीपासूनच असलेला, असे दोन्ही प्रकारचे चल असू शकतात. मोठ्यांचं बघून मुलं आक्रमक वागतात का हे तपासणाऱ्या, मानसशास्त्रज्ञ बांडुरा यांच्या 1961 च्या बोबो बाहुलीच्या (हवा भरलेल्या मोठ्या बाहुलीच्या) प्रयोगात 72 मुलं होती. आक्रमक वागणारी व्यक्ती दाखवायची, शांत वागणारी दाखवायची की कोणीच नाही, हे संशोधकांनी ठरवलं. मूल मुलगा आहे की मुलगी, हे मात्र आधीचंच. त्यामुळे उत्तर लिहिताना प्रत्येक चलाबद्दल वेगळं लिहा.

चिठ्ठ्या न टाकता गट पाडणे

'सकाळची बॅच प्रायोगिक गट, दुपारची बॅच नियंत्रित गट' अशी विभागणी केली की झोप, भूक, प्रवासाचा शीण हे सगळं गटांबरोबर आत येतं. पुढच्या बाकांवरचे एका गटात आणि मागचे दुसऱ्यात, हीही तीच चूक. 20 सहभागी असतील तर 10 चिठ्ठ्यांवर 'अ', 10 वर 'ब' लिहा, सारख्या घड्या घालून डब्यात मिसळा आणि सहभागी आल्यावर एकेक काढा. बॅचनुसार काम आधीच उरकलं असेल, तर अहवालात अर्धप्रायोगिक असंच स्पष्ट लिहा. निष्कर्षात 'मुळे' हा शब्द वापरू नका, 'फरक आढळला' एवढंच म्हणा.

यादृच्छिक नमुना निवड आणि यादृच्छिक विभागणी यांचीही गल्लत होते. पहिली लोकसंख्येतून माणसं निवडण्याची, दुसरी निवडलेल्यांना गटांत वाटण्याची. कारण-परिणाम सांगायचा तर दुसरी हवीच.

क्रमाचा परिणाम विसरणे

प्रॅक्टिकलमध्ये स्ट्रूप चाचणी (शब्द न वाचता त्याच्या शाईचा रंग सांगायची) घेताना सर्वांना आधी जुळणारं कार्ड (लाल शाईत 'लाल') आणि मग न जुळणारं (लाल शाईत 'हिरवा') देतात. मग दुसऱ्या कार्डाच्या वेळेत सराव आणि थकवा दोन्ही मिसळतात आणि शुद्ध आकडा हाती लागत नाही. निम्म्यांना उलटा क्रम द्या. तीन स्थिती असतील तर क्रम 6 होतात, म्हणजे सहभागी 20 नकोत, 18 किंवा 24 घ्या. चार स्थितींचे 24 क्रम पेलत नाहीत. तिथे चार क्रमांचा लॅटिन चौरस (प्रत्येक स्थिती प्रत्येक क्रमांकावर एकदाच येईल अशी मांडणी) पुरतो.

तीच माणसं दोन्ही स्थितींत असतील तर जोडीची टी-चाचणी (त्याच माणसांच्या दोन सरासरींतला फरक तपासणारी) लावा. 20 जणांसाठी स्वातंत्र्यमात्रा (निकाल तक्त्यात बघायला लागणारा आकडा, इथे जोड्यांपेक्षा एक कमी) 19 येते. 38 आली तर तुम्ही एकाच गटाला दोन वेगळे गट मानलं आहे.

नैसर्गिक प्रयोगात 'आधी-नंतर' एवढ्यावर थांबणे

नैसर्गिक प्रयोगात चल संशोधक नाही, परिस्थितीच बदलते. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवरचा 2013 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे नीट वाचण्यासारखा आहे. उसाचं बिल एकदम हाती येतं. तोडणीआधी चणचण, नंतर हात मोकळा. 464 शेतकऱ्यांची बौद्धिक चाचणी तोडणीआधी आणि नंतर घेतली, नंतरची कामगिरी सरस ठरली. इथे लगेच दोन शंका यायला हव्यात. दुसऱ्यांदा तीच चाचणी दिल्याने गुण वाढले नाहीत ना? त्यासाठी काही शेतकरी राखून ठेवले होते. त्यांची चाचणी पहिल्यांदाच, तोडणीनंतर घेतली. आणि हा हंगामाचा परिणाम नाही ना? तोडणी सगळ्यांची एकदम होत नाही, कित्येक आठवडे पुढेमागे होते, त्यामुळे एकाच वेळी काहींची झालेली तर काहींची बाकी असे शेतकरी मिळाले. तुमच्या अभ्यासात अशी सोय नसेल तर आधी-नंतरच्या फरकावर भिस्त ठेवू नका.

क्षेत्रीय प्रयोगात मदतनिसांवर सोडून देणे

अनोळखी प्रवासी मदतीला येतात का हे बघणाऱ्या 1969 च्या न्यूयॉर्क भुयारी रेल्वेच्या प्रयोगात डब्यात पडणारा माणूस कधी काठीवाला, कधी दारू प्यायलेला असा दाखवला. फेऱ्या मात्र 65 विरुद्ध 38 झाल्या, कारण एका चमूतल्या मदतनिसाला दारुड्याचं सोंग आवडत नव्हतं. फेऱ्यांचा क्रम आधीच चिठ्ठ्यांनी ठरवून कागदावर द्या, आणि प्रत्येक फेरी संपताच वेळ, स्थिती आणि गर्दी यांची नोंद त्याच कागदावर करून घ्या.